निळे-पांढरे जुने इंग्लिश टी-सेट: जमवणाऱ्यांना पडणारे नेहमीचे प्रश्न

इथे नेमक्या कुठल्या भांड्यांबद्दल बोलतो आहोत?

पांढऱ्या कपबशीवर निळ्या रंगात छापलेली चित्रं: पूल, देऊळ, झाडं, पक्षी, पडकी अवशेषं, फुलांची गच्च किनार. १७८० च्या दशकापासून आजपर्यंत ही भांडी मुख्यतः इंग्लंडच्या स्टॅफर्डशर परगण्यात होत आली. तिथल्या टनस्टॉल, बर्स्लेम, हॅन्ली, स्टोक, फेंटन आणि लाँगटन या सहा गावांना मिळून 'द पॉटरीज' म्हणतात. आजचं स्टोक-ऑन-ट्रेंट शहर म्हणजे हीच गावं. चिनी निळं पोर्सिलेन, हॉलंडचं डेल्फ्ट किंवा जयपूरची निळी भांडी हे वेगळे विषय आहेत, इथे ते येतील तेवढ्यापुरतेच.

सगळं निळंच का? लाल-हिरवं का नाही?

दोन कारणं. पहिलं भट्टीचं. छापा झिलईच्या, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थराच्या, खाली असतो, म्हणजे झिलईच्या भट्टीची पूर्ण आच त्याला सोसावी लागते. त्या आचेत खात्रीने टिकणारा रंग बराच काळ एकच होता, कोबाल्टचा निळा. झिलईखालचे हिरवे, गुलाबी, तपकिरी छापे बाजारात आले ते १८२० च्या दशकाच्या अखेरीस.

दुसरं कारण व्यापाराचं. इंग्लंडमधल्या श्रीमंतांना चीनहून येणाऱ्या निळ्या पोर्सिलेनची सवय लागलेली होती. १७८४ मध्ये सरकारने चहावरचा कर ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला आणि चहा एकदम मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. त्याच सुमारास स्टोकमध्ये जोसाया स्पोड याने साध्या मातीच्या भांड्यांवर झिलईखाली निळा छापा उठवण्याचं तंत्र पक्कं बसवलं. पुढे १७९० च्या दशकात ईस्ट इंडिया कंपनीने चिनी भांडी घाऊक आणणं सोडून दिलं. चहा पिणारे वाढले, चिनी माल आटला आणि स्टॅफर्डशरला रान मोकळं मिळालं.

हा छापा उठवतात कसा? आणि ते कळून आपल्याला काय मिळणार?

बरंच काही मिळतं. जमवणाऱ्याने एकच गोष्ट शिकायची ठरवली तर ही शिकावी, असं माझं मत आहे. लोक भांडं हातात आलं की आधी उलटं करून शिक्का बघतात. मी म्हणेन, आधी सुलटं धरा आणि छापा वाचा. शिक्का खोटा मारता येतो, पण छाप्याची खोटी नक्कल करणं फार महाग पडतं.

पद्धत अशी. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं. छाया हवी तिथे बारीक रेघा किंवा ठिपके. पत्रा गरम करून त्यात तेलात खललेला कोबाल्टचा रंग घासून भरायचा, वरचा खरवडून काढायचा. साबणाच्या पाण्यात ओला केलेला पातळ टिश्यू कागद त्यावर ठेवून रुळातून दाबायचा. मग तो कागद कापून एकदा भाजलेल्या, अजून झिलई न दिलेल्या भांड्यावर चिकटवायचा आणि ताठ ब्रशने घासायचा. हे काम बहुतेक बायका करत. भांडं पाण्यात बुडवलं की कागद सुटतो आणि रंग मातीत राहतो. तेल जाळण्यासाठी एक हलकी भट्टी, त्यानंतर झिलई, मग शेवटची भट्टी.

आता कपबशीकडे बघा. चहादाणीच्या गोल पोटावर सपाट कागद बसवायचा म्हणजे कुठेतरी सांधा येणारच. किनारीची नक्षी एका जागी अर्धवट कापलेली, फूल मधोमध तुटलेलं, दोन पट्ट्यांमध्ये केसाएवढी पांढरी फट किंवा कागदाला पडलेली चुणी, ही सगळी हाताच्या कामाची खूण. नवखी माणसं याला दोष समजून भांडं परत ठेवतात. उलट चुणी दिसली की मी भांडं उचलून खिडकीजवळ नेतो. छापा निर्दोष, सगळीकडे एकसारखा गुळगुळीत आणि रेघांऐवजी छोटे नियमित ठिपके दिसले, तर ते बहुधा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, यंत्राने केलेलं किंवा डेकल, म्हणजे आधीच छापलेलं तयार चित्र, चिकटवलेलं काम. तेही जमवायला हरकत नाही, फक्त जुन्याच्या भावाने घेऊ नका.

ही टिश्यूची पद्धत अजून संपलेली नाही. बर्स्लेममधल्या मिडलपोर्ट पॉटरीत बर्ली या नावाची भांडी आजही अशीच छापली जातात.

विलो पॅटर्न या चिनी धाटणीच्या नक्षीवरची प्रेमकथा खरोखर चीनची आहे का?

नाही. श्रीमंत मँडरिनची, म्हणजे चिनी अधिकाऱ्याची, मुलगी, तिचा गरीब प्रियकर, दोघांचं पळून जाणं, पुलावरून पाठलाग, शेवटी दोघांची कबुतरं होणं, ही सगळी कथा इंग्रजांनी रचली, तीही नक्षी बाजारात येऊन अर्धं शतक लोटल्यावर. १८४९ मध्ये 'द फॅमिली फ्रेंड' या इंग्लिश मासिकात ती छापली गेली. नक्षीसुद्धा चिनी नमुन्यांचे तुकडे जोडून १७९० च्या आसपास इंग्लंडमध्येच बसवली. गोष्ट गोड आहे आणि तिने भांडी खूप खपवली. विक्रेता तुम्हाला 'प्राचीन चिनी दंतकथा' सांगू लागला तर ऐकून घ्या, त्याचे पैसे मात्र देऊ नका.

ठरलेल्या विलोमध्ये पुलावर तीन माणसं, वर दोन पक्षी, मधोमध वाकलेलं विलोचं झाड, फळांनी लगडलेलं झाड आणि पुढे वाकडंतिकडं कुंपण असतं. शेकडो कारखान्यांनी ती काढली, इंग्लंडबाहेर जपान-अमेरिकेतही. म्हणून सुटा विलो कप सहज मिळतो, आणि दोन कारखान्यांचे कप शेजारी ठेवले की निळ्याची छटा पटकन वेगळी दिसते. सेट जुळवताना हे लक्षात ठेवा.

विलो सोडून आणखी कुठल्या नक्ष्या जमवण्यासारख्या?

स्पोडची 'इटालियन', जिला सगळे ब्लू इटालियन म्हणतात. १८१६ पासून ती आजतागायत निघते आहे. रोमन अवशेष, नदी, गुरं आणि भोवती जपानी इमारी धाटणीची किनार, असा अजब संकर. इतका मोठा काळ निघाल्यामुळे जुने-नवे नग एकत्र वापरता येतात, म्हणून नवशिक्याला मी हीच सुचवतो.

'एशियाटिक फेजंट्स' ही फिकट निळी, पक्षी आणि मोठाल्या फुलांची. व्हिक्टोरियाच्या काळात घराघरात होती. काहींना ती धुतल्यासारखी फिकी वाटते. मला चहाचा रंग त्यात सगळ्यात छान दिसतो.

बर्लीची 'कॅलिको' ही गच्च फुलांची नक्षी जुनी दिसते, पण ती १९६८ ची आहे. 'बूथ्स'ची 'रिअल ओल्ड विलो' सोनेरी काठाची असते, काठ न झिजलेला नग मिळाला तर सोडू नका. 'फर्निव्हल्स'ची आणि पुढे 'मेसन्स'ने काढलेली 'डेन्मार्क' ही कोपनहेगनच्या जुन्या निळ्या नक्षीची इंग्लिश बहीण. रोजच्या वापराला भक्कम.

'फ्लो ब्लू' हा निराळा प्रकार. भट्टीत रसायनाची वाफ सोडून रंग मुद्दाम पसरवत, शाईचा डाग फुटावा तसा. अमेरिकेत त्याचे वेडे चाहते आहेत, आणि भाव तेच ठरवतात.

भारतातली दृश्यं असलेली भांडी आहेत म्हणतात. खरं?

खरं, आणि ती पाहून हसूही येतं. बंगाल आर्मीतला कॅप्टन थॉमस विल्यमसन इंग्लंडला परतला आणि त्याच्या वर्णनांवर सॅम्युएल हॉविटने भारतातल्या शिकारीची चित्रं केली. ती १८०५ पासून छापली गेली. त्यांवरून स्पोडने १८१५ च्या सुमारास 'इंडियन स्पोर्टिंग' मालिका काढली: उसाच्या फडातून अस्वलाला हुसकावणं, झाडावरच्या बिबट्यावर नेम धरणं, डुकराच्या शिकारीला निघालेल्यांना अचानक पिल्लांसह वाघीण भेटणं. प्रत्येक आकाराच्या भांड्यावर वेगळं दृश्य. म्हणजे इंग्लंडमधलं एखादं कुटुंब रविवारी मांस संपवता संपवता ताटाच्या तळाशी हत्ती आणि हौदा शोधत होतं. टॉमस आणि विल्यम डॅनियल या चित्रकारांच्या भारतीय इमारतींच्या चित्रांवरूनही इतर कारखान्यांनी नक्ष्या उचलल्या.

यातली बहुतेक भांडी जेवणाची आहेत. चहाचं फारसं दिसत नाही आणि भाव चढे असतात. सुरुवातीला संग्रहालयातच बघावीत.

तळाच्या शिक्क्यावरून वय कसं काढायचं?

शिक्का सांगतो त्यापेक्षा जास्त त्यात वाचू नका, एवढं पथ्य पाळलं तर तो उपयोगाचा आहे.

'इंग्लंड' हा शब्द छापलेला असेल तर भांडं साधारण १८९१ च्या नंतरचं. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं, त्यामुळे. 'मेड इन इंग्लंड' असेल तर बहुधा विसाव्या शतकातलं. 'बोन चायना' असे शब्द, डिशवॉशर किंवा मायक्रोवेव्हची खूण असेल तर भांडं फार जुनं नाही, वय शोधण्यात वेळ घालवू नका. नावापुढे 'लि.' असेल तर १८६० च्या दशकाआधीचं बहुधा नाही. पॅटर्नचं नावच शिक्क्यात असेल तर १८१० नंतरचं.

पत्त्यांतल्या चौकटच्या चिन्हासारखा छोटा शिक्का, कोपऱ्यांत अक्षरं-आकडे, ही १८४२ ते १८८३ मधली डिझाइन नोंदणीची खूण. १८८४ पासून तिच्याऐवजी 'रजि. नं.' आणि एक आकडा येतो. १९०० च्या सुरुवातीला हे आकडे साडेतीन लाखांच्या पुढे गेलेले होते. मात्र ही तारीख नक्षी नोंदवल्याची, तुमचा कप भाजल्याची नव्हे. तीच नक्षी पुढे कित्येक वर्षं निघालेली असू शकते.

यापुढचा सापळा म्हणजे शिक्क्यातच छापलेलं साल. जॉर्ज जोन्स या कारखान्याच्या 'ॲबी' नक्षीच्या भांड्यांवर '१७९०' लिहिलेलं असतं, आणि ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीची असतात. असं साल कंपनीच्या स्थापनेचं असतं, नक्षीच्या मुळाचं किंवा निव्वळ भारदस्तपणासाठी घातलेलं असतं. सिंह आणि एकशिंगी घोड्याचं राजचिन्हही तसंच. ते कोणीही छापत असे, त्यावरून राजवाड्याशी संबंध जोडू नये.

स्पोडच्या बाबतीत नावच घड्याळाचं काम करतं: १८३३ मध्ये कारखाना कोपलंड आणि गॅरेट यांच्याकडे गेला, १८४७ पासून एकट्या कोपलंडकडे, १९७० मध्ये पुन्हा स्पोड हे नाव आलं. २००८ मध्ये कंपनी बुडाली आणि २००९ मध्ये पोर्टमेरियन या कंपनीने नाव विकत घेतलं.

आणि शिक्काच नसेल तर? निराश होऊ नका. अगदी सुरुवातीच्या बऱ्याच भांड्यांवर काहीच नसतं. बुडाच्या कड्याच्या आतल्या कोपऱ्यात झिलई साचून निळसर झाली आहे का पाहा. तसं असेल तर ते 'पर्लवेअर', म्हणजे १८०० च्या आगेमागे केलेलं असण्याची चांगली शक्यता आहे.

बोन चायना कसं ओळखायचं?

दिव्यासमोर धरा आणि मागून बोटं हलवा. बोटांची सावली दिसली तर बोन चायना किंवा पोर्सिलेन, नाही दिसली तर अर्दनवेअर, म्हणजे साध्या मातीचं भांडं. बोन चायनात साधारण निम्मी जनावरांच्या हाडांची राख असते, बाकी कॉर्नवॉलचा चायना स्टोन आणि पांढरी माती. ज्यांना हे चालत नाही त्यांनी अर्दनवेअरच घ्यावं. निळ्या-पांढऱ्यात तेच बहुसंख्य आहे.

पूर्ण टी-सेट म्हणजे किती नग?

विसाव्या शतकात २१: सहा कप, सहा बशा, सहा छोट्या प्लेट, दूधदाणी, साखरेचं भांडं आणि केकची मोठी प्लेट. चहादाणी वेगळी विकत, ती धरली की २२. जाहिरातीत '२१ नगांचा सेट' वाचून चहादाणीची वाट बघणारे दरवेळी हिरमुसतात.

त्याआधीचा हिशेब वेगळा होता. १८०० च्या सुमारास सेटमध्ये चहाचे बारा कप, कॉफीचे बारा, आणि बशा मात्र बाराच. एका वेळी चहा किंवा कॉफी एकच घेणार, मग बशी दोघांना मिळून एक. सोबत उरलेला गार चहा आणि चोथा ओतायला एक वाडगा असे, त्याला 'स्लॉप बोल' म्हणत. तो आज सर्रास साखरेचं भांडं म्हणून विकला जातो. झाकणाची खाच नाही आणि तोंड रुंद आहे, तर तोच.

जुन्या बशा खोल असतात आणि मधोमध कप बसायची खळगी नसते. कारण त्या काळी इंग्लंडमध्येही बशीत ओतून चहा पिणारे पुष्कळ होते. तेव्हा घरी आजोबा फुर्रर्र करून बशीतून प्यायले तर पाहुण्यांसमोर संकोच नको. जुन्या खोल बशीचा वापर ते अगदी योग्य करताहेत.

एकदम पूर्ण सेट घ्यावा की सुटे नग जमवावेत?

सुटे. पूर्ण सेटसाठी विक्रेता जास्त पैसे मागतो, आणि त्यातले दोन कप हमखास दुसऱ्या कारखान्याचे निघतात. एक नक्षी ठरवा, तिचे सुटे कप-बशी-प्लेट जमवत जा. दोन गोष्टी मात्र आधी मिळवा: चहादाणी, झाकणासकट, आणि दूधदाणी. या सगळ्यात लवकर फुटतात आणि शेवटी शोधायला निघालात तर हाती लागत नाहीत. झाकण मूळचंच आहे ना, हे गोल फिरवून बघा. नक्षीचा निळा आणि झिलईची छटा दोन्ही जुळली पाहिजेत.

टवका, चीर, जाळी: काय चालवून घ्यायचं?

झिलईला पडलेली बारीक जाळी चालते, जुन्या अर्दनवेअरमध्ये ती असतेच. बशीच्या मागचे तीन छोटे खडबडीत ठिपके म्हणजे भट्टीत टेकू लागल्याच्या खुणा, दोष नव्हे. बुडाच्या कड्यावरचा टवका चालतो, ओठाच्या काठावरचा नाही. कपाचा कान जिथे जोडलेला असतो तिथली चीर मुळीच चालत नाही, कारण गरम चहा तिथूनच दगा देतो.

टिचकी मारून बघा. धड भांडं खणखणतं, चिरलेलं बद्द वाजतं. चिकटवलेला कान अतिनील टॉर्चखाली वेगळ्या रंगात चमकतो. आजकाल असा टॉर्च स्वस्तात मिळतो, खिशात ठेवावा.

नकली माल कितपत येतो?

साध्या विलोची नक्कल कोण करणार, मूळच स्वस्त आहे. फ्लो ब्लूची मात्र भरपूर झाली. 'व्हिक्टोरिया वेअर', 'आयर्नस्टोन' आणि सिंह-घोड्याचा भला मोठा शिक्का असलेली जड चहादाणी दिसली तर ती विसाव्या शतकाच्या अखेरची नक्कल समजा. एकोणिसाव्या शतकाचा माणूस 'व्हिक्टोरियन' दिसण्यासाठी इतका आटापिटा करत नव्हता.

जपानमध्ये झालेलं विलो नकली नाही, फक्त इंग्लिश नाही. इंग्लिश नावाचं सगळं इंग्लंडमध्येच झालं असंही नाही: जॉन्सन ब्रदर्सचं उत्पादन २००३ नंतर चीनला गेलं.

यातून रोज चहा प्यावा का?

जुन्या झिलईत शिसं असतं. नीट भाजलेल्या, गुळगुळीत झिलईतून ते फार थोडं सुटतं, पण झिजलेल्या, तडकलेल्या झिलईतून आणि आंबट पदार्थांत जास्त. माझा नियम: विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले कप वापरायला, त्याआधीचे बघायला. लिंबाचा चहा, कोकम सरबत, लोणचं जुन्या भांड्यात मुळीच नको. लहान मुलांना आणि गरोदर बाईला त्यातून काहीच देऊ नये.

उकळता चहा थेट गार कपात ओतू नका. आधी कोमट पाण्याने कप हलकेच ऊन करून घ्या. आपल्या घरी चहा पातेल्यात दूध-साखरेसह उकळतो, तो इंग्लिश चहापेक्षा जास्त तापलेला असतो.

चहाचे तपकिरी डाग कसे घालवायचे?

कपाच्या आतला डाग खाण्याच्या सोड्याने, ओल्या मऊ फडक्याने. सोनेरी काठाला सोडा लावू नका. जाळीत शिरलेला डाग वेगळा, तो मातीत उतरलेला असतो. त्यासाठी फार्मसीतल्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये भिजवून ठेवतात. ब्लीच कधीच नको. त्यातले क्षार मातीत शिरतात, वाळल्यावर स्फटिक होऊन झिलईचे पापुद्रे उडवतात.

पावसाळ्यात एकावर एक रचलेल्या बशांमध्ये वर्तमानपत्र ठेवू नका, शाई उतरते. सुती फडकं किंवा साधा पांढरा कागद ठेवा. कप कानाने हुकावर टांगू नका.

भारतात कुठे मिळतात?

मुंबईत चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर, पुण्यात बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात नशिबाने. पारशी घरं रिकामी होताना कधीकधी चांगला माल बाहेर येतो. गोव्यातल्या जुन्या वाड्यांमधलं निळं-पांढरं मात्र बहुतेक मकाववरून आलेलं चिनी असतं, तिथे इंग्लिश शोधायला जाऊ नये.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना तर घराजवळच्या चॅरिटी शॉपमध्ये आणि रविवारच्या कार बूट सेलमध्ये (गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकायचा बाजार) हे सगळं सापडतं. तिथून पार्सल मागवायचं तर खर्च आधी विचारा. टपाल आणि कस्टम्स मिळून सेटच्या किमतीच्या वर सहज जातात.

आजीच्या कपाटात असा सेट आहे. किंमत किती येईल?

वाटते त्यापेक्षा कमी. ब्रिटनमध्येच नव्या पिढीला मोठे सेट नको झाले आहेत, म्हणून विसाव्या शतकातल्या साध्या सेटना फार भाव नाही. पैसे येतात ते १८३० च्या आधीच्या चांगल्या छाप्याला, दुर्मिळ दृश्याला, किंवा विचित्र आकाराच्या नगाला. विकायचा असेल तर तळाचा शिक्का, छाप्याचा सांधा आणि प्रत्येक टवक्याचा फोटो काढून दोन-तीन ठिकाणी विचारा. वापरायचा असेल तर विचारूच नका, काढा बाहेर.

इंग्लंडला जाणार आहे. एकच दिवस आहे, काय पाहू?

लंडनहून आगगाडीने स्टोक गाठा. हॅन्लीच्या पॉटरीज म्युझियममध्ये भांडी, लाँगटनच्या ग्लॅडस्टोन पॉटरी म्युझियममध्ये बाटलीच्या आकाराच्या भट्ट्या, मिडलपोर्टला टिश्यूचा छापा. एकेकाळी या शहरात अशा दोन हजारांवर भट्ट्या होत्या आणि त्यांच्या धुराने दुपारी अंधारून येई. आता पन्नासच्या आत उरल्या आहेत. तिन्ही एका दिवसात घाईचं होईल. मग एखादं म्युझियम सोडा, मिडलपोर्ट सोडू नका.

आजीचा सेट अमेरिकेतल्या मुलीला पाठवता येईल का?

आधी वय ठरवा. भारताच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू पुरावस्तू ठरते आणि ती खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. इंग्लंडमध्ये बनली असली तरी ती इथे असेल तर कायदा लागू. सेट शंभरच्या आतला असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'पुरावस्तू नाही' असा दाखला घेऊन ठेवावा, म्हणजे विमानतळावर वाद होत नाही. अर्जासोबत शिक्क्याचा स्पष्ट फोटो द्या.

दाखला मिळाला तर चहादाणी आणि दूधदाणी हातातल्या बॅगेतून न्या. चहादाणीची तोटी आणि कान आधी वेगवेगळे गुंडाळा, मग अख्खं भांडं, आणि झाकण कधीही जागेवर ठेवून बांधू नका. बशा आडव्या रचू नका, उभ्या लावा.